भूक कमी झाली, पण आतल्या जिवाणूंना काय वाढायचे?

वजन कमी करणारे आठवड्याचे इंजेक्शन ही काही वर्षांपूर्वीपर्यंत परदेशातली बातमी होती. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती संपली की भारतीय कंपन्यांच्या स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत ज्याची चर्चा होती, त्याची चौकशी तुळजापूर, उमरगा, कळंब, परंड्याच्या औषध दुकानांतही होणार, हे उघड आहे.

वजन किती घटते, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचे उत्तरही बऱ्यापैकी पक्के आहे. त्यामानाने कमी विचारला जाणारा प्रश्न असा, की महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे हे औषध घेतले तर आपल्या आतड्यात राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंचे काय होते? औषध आपली भूक कमी करते. त्या जिवाणूंची भूक मात्र कमी होत नाही. त्यांना आपल्या ताटातूनच खायला मिळते. ताट लहान झाले, तर त्यात काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर बरेच काही अवलंबून राहते.

दोन मिनिटांचे संप्रेरक, आठवड्याचे औषध

आपण जेवलो की आतड्याच्या अस्तरातल्या ‘एल’ पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते. शरीरात तयार झालेले हे संप्रेरक जेमतेम दोन मिनिटांत निम्मे नष्ट होते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच असे बदललेले रूप आहे, की ते रक्तात आठवडाभर टिकते. टिर्झेपटाइड हे जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. नुसते औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी घटले. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत ही घट २०.९ टक्क्यांपर्यंत गेली. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे साधारण बारा ते सतरा किलो होतात. मधुमेह, गुडघेदुखी, यकृतातली चरबी यांनी त्रासलेल्यांसाठी हा फरक लहान नाही. तेव्हा औषधाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याच्याबरोबर आणखी काय बदलते, ते समजून घेण्याचे मात्र आहे.

जिवाणू आणि भुकेचे नाते

आपण खाल्लेल्या अन्नातले पिष्ट, प्रथिने आणि चरबी यांचा बराचसा भाग लहान आतड्यातच पचून शोषला जातो. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, आणि न पचलेले थोडे पिष्ट. तिथल्या जिवाणूंचे हेच जेवण. ते आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी लहान आम्ले तयार करतात. यातले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. आणि हीच आम्ले ‘एल’ पेशींना जीएलपी-१ सोडण्याची सूचनाही देतात, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

म्हणजे बाजारात इंजेक्शनच्या रूपाने मिळणाऱ्या संप्रेरकाचा छोटा कारखाना आपल्या पोटात आधीपासून आहे आणि त्याला कच्चा माल पुरवण्यात जिवाणूंचा हात आहे. यावरून ‘भाकरी खा, इंजेक्शनची गरज नाही’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. शरीरात जेवणानंतर काही वेळच वाढणारे संप्रेरक आणि आठवडाभर मोठ्या प्रमाणात रक्तात राहणारे औषध यांच्या ताकदीत फार अंतर आहे.

भारतीयांच्या आतड्याची एक ओळख संशोधनातून पुढे आली आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्रमाण जास्त असल्याचे दिसले. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासातही, विशेषतः शाकाहारी आहार असलेल्यांमध्ये, प्रिव्होटेलाचा वरचष्मा आढळला. धान्य आणि डाळींचा चोथा पचवण्यात प्रिव्होटेला तरबेज. आपल्या जिवाणूंची घडण पिढ्यान्‌पिढ्यांच्या धान्याच्या जेवणावर झाली आहे, असे म्हणायला हा आधार पुरेसा आहे.

मेटफॉर्मिनने शिकवलेला धडा

औषधाने आतड्यातले जिवाणू बदलतात, ही कल्पना नवी नाही. मधुमेहाची सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे नाव सांगावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी मधुमेहींच्या आतड्यातले जिवाणू तपासले आणि ‘मधुमेहात अमुक जिवाणू वाढतात, तमुक घटतात’ असे मांडले. गंमत अशी, की एका देशाचे निष्कर्ष दुसऱ्या देशाशी जुळत नव्हते. २०१५ मध्ये ७८४ व्यक्तींची माहिती एकत्र तपासल्यावर कारण सापडले. कोण मेटफॉर्मिन घेते आणि कोण नाही, हे आधी वेगळे केलेच नव्हते. आजाराचा ठसा म्हणून जे दाखवले जात होते, त्यातला मोठा भाग गोळीचा ठसा होता.

पुढे २०१७ मध्ये स्पेनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांना चार महिने मेटफॉर्मिन किंवा औषधविरहित गोळी देऊन पाहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या जिवाणूंमध्ये ठळक बदल झाले. त्या रुग्णांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडले, तेव्हा त्या उंदरांचे साखरेवरचे नियंत्रण सुधारले. म्हणजे या गोळीचा काही परिणाम जिवाणूंच्या मार्फत होत असावा. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोट बिघडते, गॅस होतो, ही तक्रार अनेक जण करतात. तिच्यातही जिवाणूंचा वाटा असू शकतो.

ऑर्लिस्टॅट या वजनाच्या जुन्या गोळीची तऱ्हा वेगळी. ती जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी पचूच देत नाही. ती चरबी तशीच मोठ्या आतड्यात जाते. शौचाला तेलकट होणे हा तिचा प्रसिद्ध त्रास त्यातूनच येतो आणि जिवाणूंच्या ताटातही नेहमी नसणारा पदार्थ पडतो.

नव्या इंजेक्शनांबद्दल काय कळले आहे?

उंदरांवरच्या प्रयोगांत लिराग्लुटाइडसारख्या जीएलपी-१ औषधांनी जिवाणूंची रचना बदललेली दिसते. सडपातळ उंदरांत आढळणारे काही जिवाणू वाढतात, जाड उंदरांत आढळणारे काही घटतात. या बातम्या लगेच पसरतात. माणसांवरचे चित्र इतके सरळ नाही. नेदरलँड्समध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींना १२ आठवडे लिराग्लुटाइड दिले आणि औषधविरहित गटाशी तुलना केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जिवाणूंच्या रचनेवर औषधाचा परिणाम दिसला नाही.

मग खरे काय? इथे मेटफॉर्मिनचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. हे इंजेक्शन घेणारा माणूस कमी खातो. त्याच्या जेवणाचे पदार्थ बदलतात. तेलकट, गोड नकोसे होते. अन्न जठरात जास्त वेळ राहते, अनेकांना बद्धकोष्ठता होते. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटीही जिवाणू बदलू शकते. तेव्हा बदल दिसला तरी तो औषधाचा की कमी जेवणाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

निव्वळ कमी खाण्याचा परिणाम किती असू शकतो, हे जर्मनीतल्या एका अभ्यासातून कळते. जादा वजनाच्या ८० महिलांचा त्यात सहभाग होता. त्यातल्या एका गटाने आठ आठवडे दिवसाला फक्त ८०० कॅलरींचा द्रव आहार घेतला. वजन उतरले, पण जिवाणूंची घडीही विस्कटली. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा पोटाचा गंभीर संसर्ग करू शकणारा जिवाणू वाढलेला दिसला. नेहमीचे जेवण हळूहळू सुरू केल्यावर हे बदल बरेचसे मागे फिरले. २०२१ मध्ये ‘नेचर’ने हा अभ्यास छापला. त्यात कोणतेही औषध नव्हते, फक्त उपासमारीच्या जवळ जाणारा आहार होता. इंजेक्शनवर असलेल्या ज्या रुग्णाला दिवसभर ‘काहीच नको’ वाटते आणि जो दोन कप चहा आणि चार बिस्किटांवर दिवस काढतो, त्याने हे लक्षात ठेवावे.

सुई थांबली की पुढे काय?

‘कालांतराने’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. सेमाग्लुटाइडच्या त्याच मोठ्या चाचणीतल्या ३२७ जणांकडे औषध थांबल्यावर आणखी एक वर्ष लक्ष ठेवले गेले. वर्षभरात, कमी झालेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आले. औषध थांबले, की भूक परतते. खर्च, त्रास किंवा ‘आता झाले की कमी’ असे वाटणे, यांपैकी कोणत्याही कारणाने सुई थांबवणाऱ्याला हे आधी सांगितलेले असावे.

या परत येण्यात जिवाणूंचा काही हात आहे का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर हे पाहिले. जाड केलेल्या उंदरांचे वजन पूर्ववत झाल्यावरही त्यांच्या आतड्यातले जिवाणू बराच काळ ‘जाडपणाच्या’ स्थितीतच राहिले. असे उंदीर पुन्हा चरबीयुक्त खाण्यावर आले, की इतरांपेक्षा वेगाने वजन वाढवत. वजन उतरले तरी जिवाणूंची आठवण पुसायला वेळ लागतो, असा त्याचा अर्थ. माणसांत वजनाच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण आहे. स्वीडनमधल्या काही महिलांच्या आतड्यातले जिवाणू शस्त्रक्रियेनंतर सुमारे नऊ वर्षांनीही बदललेलेच होते. पण शस्त्रक्रियेने अन्नाचा मार्गच बदलतो. इंजेक्शन आतड्याची रचना बदलत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा अनुभव तसाच इथे लावता येत नाही.

या औषधांबद्दल अशी नऊ-दहा वर्षांची माहिती हवी असेल, तर तितकी वर्षे माणसांच्या मागे राहावे लागते. असे काम कसे होते, हे धाराशिवला नव्याने सांगायला नको. १९९९ मध्ये, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. आठ वर्षे पाठपुरावा करून २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला इथल्या महिलांमुळे कळले. वजनाच्या औषधांचा आणि भाकरी-वरण खाणाऱ्या आतड्यांचा अभ्यासही असाच, गावागावांत आणि वर्षानुवर्षे व्हायला हवा. युरोप-अमेरिकेतल्या पावभाजीविना वाढलेल्या आतड्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होतील, असे धरून चालता येणार नाही.

येळवशीचे ताट आणि साबुदाण्याचे ताट

तोवर काय करायचे? उत्तराचा मोठा भाग आपल्याच स्वयंपाकघरात आहे. धाराशिव-लातूर भागात मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, शेतात जे जेवण होते ते आठवा. ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली अंबील, ओले हरभरे, तुरीचे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी. चोथा, डाळी, पालेभाज्या आणि आंबवलेला पदार्थ, सगळे एका पंगतीत. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना आमंत्रण द्यायचे, तर याहून चांगले ताट सापडणे कठीण.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत ११ ते १२ ग्रॅम, तूरडाळीत ९ ग्रॅम आणि अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम. गव्हाच्या कोंड्यासकटच्या पिठातही सुमारे ११ ग्रॅम असतो, त्यामुळे पोळी खाणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो तीन ग्रॅमच्याही आतच.

आता साधा हिशेब मांडू. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम चोथा मिळावा, अशी अपेक्षा असते. साधारण ५० ग्रॅम पिठाच्या चार भाकरी, वाटीभर वरण आणि दोन वेळची भाजी यांतून तो जवळपास भरून निघतो. इंजेक्शनवर असताना दोनच भाकरी आणि निम्मी भाजी पोटात जाते, म्हणजे चोथा १५ ग्रॅमवर येतो. त्या दोन भाकरींच्या जागीही मऊ भात, ब्रेड, बिस्किटे आली, तर तो आणखी खाली जातो. मळमळ होत असताना नेमके हेच पदार्थ सोपे वाटतात.

नवरात्रातला उपवास हा आणखी एक मुद्दा. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात नऊ दिवसांचा उपवास घरोघरी असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, चोथा नगण्य. राजगिरा, भगर, रताळे, शेंगदाणे, ताक, फळे यांनी त्याची जागा घ्यावी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना हे इंजेक्शन घेणाऱ्याने उपवास धरण्याआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. तिन्ही एकत्र आले की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

लहान ताटाचे नियम

पहिला घास डाळ, उसळ, अंडे किंवा दह्याचा घ्या. या औषधांनी उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. काही अभ्यासांत ते एकूण घटीच्या पाव हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत दिसले आहेत. प्रथिने आणि रोजचा थोडा जोराचा व्यायाम, मग ते शेतातले काम का असेना, स्नायू राखायला मदत करतात.

त्यानंतर भाजी, आणि मग भाकरी. भूक आधीच संपली तर राहिली पाहिजे ती भाताची मूद. उसळ आणि भाजी नव्हे.

चोथा एकदम वाढवू नका. जठर मंदावलेले असताना मोठी वाटीभर हरभऱ्याची उसळ खाल्ली, तर पोट फुगेल. मुगापासून सुरुवात करा, आठवड्याला थोडे वाढवा आणि त्याबरोबर पाणीही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे दुप्पट महत्त्वाचे. उलट्या-जुलाब आणि ऊन यांनी शरीरातले पाणी उतरले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. सतत उलट्या किंवा पोटात असह्य दुखणे सुरू झाले, तर घरी वाट पाहू नका. पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाची सूज हे या औषधांचे क्वचित पण गंभीर धोके आहेत.

जिवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या कॅप्सूल आणि शौचाच्या ‘मायक्रोबायोम’ चाचण्यांवर पैसे घालण्याची घाई नको. कोणते जिवाणू किती असले म्हणजे चांगले, याचे रुग्णाला उपयोगी पडेल असे प्रमाण अजून ठरलेले नाही. घरचे ताक आणि अंबील स्वस्तही आहे आणि पोषकही.

आणि ही औषधे मित्राची सुई पाहून, दुकानातून थेट आणून घ्यायची नाहीत. वजनासाठी ती सामान्यतः बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असेल तेव्हा दिली जातात. घरात मेड्युलरी प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल, गर्भधारणा असेल किंवा ठरवलेली असेल, तर ती टाळली जातात. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांची शिफारस केली ती सशर्तच, आणि आहार-व्यायामाच्या सल्ल्यासोबत. दीर्घ काळाची माहिती अजून अपुरी आहे, हे तिच्या अटींमागचे एक कारण.

डॉक्टरांकडे जाताना दोन प्रश्न लिहून न्या. हे औषध किती काळ घ्यायचे आणि थांबवताना कसे थांबवायचे? आणि ते चालू असताना माझ्या दिवसभराच्या जेवणात काय राहिलेच पाहिजे? पहिल्याचे उत्तर तुमच्या आजारावर ठरेल. दुसऱ्याच्या उत्तरात डाळ, पालेभाजी आणि एक तरी भाकरी असेल, याची खात्री करून घ्या.